चरवीची चिठ्ठी

"अवं, पण आपल्या हिंगोलीत पाहण्यासारखं हाय तरी काय?"

हा प्रश्न आमच्या भिशीत पडला, तो २०२३च्या दिवाळीच्या आधी. निमित्त अगदी साधं होतं. एका मैत्रिणीच्या मुलाला शाळेत 'आपल्या परिसरातील वारसा' या विषयावर दहा ओळी लिहून न्यायच्या होत्या. पठ्ठ्यानं सरळ अजिंठा-वेरूळ लिहून टाकलं. बाईंनी वही परत केली. म्हणाल्या, "परिसर म्हणजे आपला परिसर. घरच्यांना विचारून लिही." आता घरच्यांना म्हणजे आईलाच की! आणि आईनं तो प्रश्न भिशीत आणला.

आम्ही बारा जणी. कुणी डीएड झालेली, कुणी दहावी, कुणी सातवी. औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव, आपला दसरा इथपर्यंत सगळ्या भराभर बोलल्या. त्यानंतर गाडी अडली. दहा ओळी काही भरेनात! सगळ्या हसल्या, पण मला ते कुठेतरी लागलं. या गावात मी सून म्हणून आले त्याला तीस वर्षं झाली. इथल्या कुठल्या दुकानात साडी स्वस्त मिळते ते मला ठाऊक. पण ज्या गल्लीत ते दुकान आहे, तिचं नाव असं का, ते मात्र नाही.

दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो, असं मी वाचलं होतं. मोठ्या शहरांत त्या दिवसांत लेणी, किल्ले, वाडे दाखवतात, व्याख्यानं ठेवतात. मी सहज म्हटलं, "आपणही करू या की! हरिनामाचा सप्ताह करतो, तसा हा गावाचा सप्ताह." आणि काय आश्चर्य, सगळ्या तयार झाल्या! अट एकच: दुपारची भांडी आवरल्यानंतर निघायचं आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी हजर व्हायचं. शेवटच्या दिवशी कॉलनीतल्या मंदिराच्या सभामंडपात एक प्रदर्शन मांडायचं. प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणायची. सोबत एक चिठ्ठी, वस्तू काय, कुणाची आणि घरात कशी आली ते सांगणारी. बस्स.

ही चिठ्ठी पुढे मला किती जड जाणार होती, याची तेव्हा कल्पनाच नव्हती.

नावांची गोष्ट

पहिला दिवस रविवारचा, १९ नोव्हेंबर. त्याच दिवशी अहमदाबादला वर्ल्डकपची फायनल! पुरुषमंडळी आणि पोरं टीव्हीसमोर चिकटलेली, रस्ते सामसूम. अख्खं गाव जणू आम्हाला आंदण मिळालं होतं. आम्ही चालत निघालो आणि फक्त नावं वाचत गेलो. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही नावं आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो. सोबत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी विचारलं, "बायांनो, गावात तोफखाना कशाला असतो?"

तर निजामाच्या काळात हिंगोली ही लष्करी छावणी होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबादची फौज इथे राहत असे. पायदळ राहायचं ती पलटण, घोडदळाचा तो रिसाला, तोफांचा तोफखाना, छावणीची बाजारपेठ ती सदर बाजार. आणि नोकरी संपलेले शिपाई जिथे वस्ती करून राहिले, तो पेन्शनपुरा! एक जण म्हणाली, "माय गं! मी पेन्शनपुऱ्यात लहानाची मोठी झाले, पण पेन्शनचा न् आमचा काय संबंध, हे कधी मनातसुद्धा आलं नाही."

गुरुजींनी सांगितलेली ठगाची गोष्ट सगळ्यांना फार आवडली. फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी निजामाच्या चाकरीत होता. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ साली निघाली. तिच्या प्रस्तावनेत आपलं हिंगोली आहे! छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. साहेब लोकही त्याच्याकडून खरेदी करत. एकदा मुंबईहून कापड आणायचं म्हणून त्यानं रीतसर परवाना काढला. प्रत्यक्षात ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं. वाटेत त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना मारून ते आणलं आणि छावणीत उघड विकलं. तो ठगांचा म्होरक्या निघाला! "म्हणजे त्या काळीसुद्धा बिल मागून घ्यायला पाहिजे होतं," एक मैत्रीण म्हणाली आणि आम्ही रस्त्यातच खो खो हसलो. घरी आलो तर सगळ्यांचे चेहरे उतरलेले. रात्री मॅच हरलोच.

नागनाथ, रावण आणि हळद

दुसरा दिवस सोमवार, म्हणून औंढ्याला गेलो. आपण एरवी जातो ते रांगेत उभं राहतो, अरुंद पायऱ्यांनी वाकून तळातल्या गाभाऱ्यात उतरतो, नमस्कार करतो आणि बाहेर येऊन प्रसाद घेतो. यंदा आधी बाहेरून प्रदक्षिणा घातली, तीही हळूहळू. खालचा काळ्या दगडातला कोरीव भाग यादवांच्या काळातला, वरचं शिखर नंतरचं, हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. भिंतीवर किती बायका कोरल्यात! त्यांचे दागिने आणि केसांचे अंबाडे बघत आमच्या जणी मानेला रग लागेपर्यंत उभ्या होत्या. आणि नंदी? तो देवळाच्या पाठीमागं. नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा प्रत्येकीला आजीकडून ठाऊक होती. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचंही नाव याच गावाशी जोडलेलं.

मंगळवारी रामलीला मैदान. आपला दसरा १८५५ साली खाकीबाबा मठाच्या महंतांनी सुरू केला, असं सांगतात. म्हणजे दीडशेच्या वर वर्षं झाली. निजामाचं राज्य होतं तेव्हाही इथे रामलीला व्हायची आणि रावण जळायचा. आपण मात्र दसरा म्हटलं की आकाशपाळणा आणि प्रदर्शनातले मीना बाजारचे कानातले एवढंच आठवतो!

बुधवारी वसमतकडच्या एका शेतात गेलो. हळद कमरेएवढी उभी होती. शेतमालकीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं: बेणं कसं राखतात, काढणीनंतर हळद शिजवायची, उन्हात वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. "वारसा म्हणता ना, हा घ्या," असं म्हणत त्यांनी आपले पिवळे पडलेले तळहात दाखवले. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचली तेव्हा मला ते हातच आठवले.

गुरुवारी कार्तिकी एकादशी. त्या दिवशी नर्सीशिवाय दुसरीकडे कुठे जाणार? कयाधूच्या काठचं हे गाव, नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपण मानतो. १२७० सालचा त्यांचा जन्म. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. म्हणून तर पंजाबातले भाविक एवढ्या लांब नर्सीला येतात, आणि म्हणून २०१५ सालचं मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं. नामदेवांच्या घरी राहिलेली जनाबाई आपल्या शेजारच्या गंगाखेडची. तिनं दळता-कांडता रचलेलं आपण अजून गातो. तिला कुणी लिहून ठेव म्हणून सांगितलं होतं का? पण कुणीतरी ऐकलं, कुणीतरी लक्षात ठेवलं, म्हणून ते राहिलं.

"एवढंच लिवलं व्हय?"

आता चिठ्ठीकडे येते.

प्रदर्शनासाठी आमच्या आत्याबाईंनी (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात) एक पितळी चरवी काढून दिली. ही चरवी मी लग्न होऊन आले तेव्हापासून माळ्यावर पालथी बघतेय. दिवाळीला त्या स्वतः चिंचेनं घासायच्या आणि परत पालथी ठेवायच्या. तीस वर्षांत तिच्यात कधी दूध घातलं नाही की तूप. एकदा मी नवी असताना तिच्यात डाळ भरायला गेले, तर म्हणाल्या, "ती नगं." मी पुन्हा विचारलं नाही.

गुरुवारी रात्री मी चिठ्ठी लिहिली: 'पितळी चरवी. अंदाजे ऐंशी वर्षांपूर्वीची. सासूबाईंच्या माहेरची.' आणि मोठ्यानं वाचून दाखवली.

"एवढंच लिवलं व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "मग ऱ्हाऊ दे घरात."

"मग काय लिहू?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या, ते कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या तरी मी गॅस बंद करायचं विसरले.

त्यांचं माहेर कळमनुरीच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठावर. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला. पण आपण नाही. आपलं स्वातंत्र्य आलं ते १७ सप्टेंबर १९४८ला, पोलिस कारवाईनंतर. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांनी गावागावांत उच्छाद मांडला. नदीपल्याड उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसच्या लोकांचे कॅम्प होते. अलीकडची कितीतरी कुटुंबं जीव मुठीत धरून पलीकडे गेली.

आत्याबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. वैशाखातली रात्र, नदीला गुडघाभर पाणी. वडील, आजोबा, आई, पाठचा भाऊ, डोक्यावर एक बोचकं. घराला कुलूप घातलं. पण दावणीला नुकती व्यालेली म्हैस होती, तिचं काय करायचं? शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं. आईनं रात्रीच चाचीला हाक मारली. म्हैस आणि रेडकू तिच्या हवाली केलं. "दूध तुमच्या लेकरांना पाजा," एवढंच सांगून निघाल्या.

परत आले ते भादव्यात, डोंग्यात बसून. घराचं दार कुणीतरी फोडलेलं होतं, धान्य गेलेलं. म्हैस मात्र चाचीच्या गोठ्यात उभी होती, रेडकू चांगलं मोठं झालेलं. आणि चाचीनं ही चरवी आणून आईच्या हातात दिली. काठोकाठ तूप! "दूध लेकरांनी प्यालं, पण लोणी तुमचं ठिवलं," म्हणाली.

"आणि मग?" मी विचारलं. मला वाटलं, गोष्ट इथे संपली. केवढी सुंदर गोष्ट! चिठ्ठीत छान बसेल.

"मग काय. राज बदललं. आता त्यांची पाळी आली."

पंधरा-वीस दिवसांनी गावात बाहेरची माणसं आली. रझाकारांचा सूड घ्यायचा म्हणून. चाचीच्या घरातला कुणी रझाकार नव्हता, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. तरी त्यांनी रातोरात बैलगाडी जोडली. गाडी आत्याबाईंच्या दारावरूनच गेली. त्यांची आई ही तुपाची चरवी हातात घेऊन दाराशी गेली, वाटेला देण्यासाठी. आजोबांनी कडी लावून घेतली. म्हणाले, "भायेर जायचं न्हाई. आपल्यावर येईल."

"माय दारामागं उभी व्हती, चरवी हातात धरून. गाडी जाईपर्यंत. चाचीनं हाक मारली एक डाव. कुणी कडी काढली न्हाई." आत्याबाई चरवीकडे बघत म्हणाल्या. "ते तूप मायनं कुणाला खाऊ दिलं न्हाई. देवाम्होरच्या दिव्यात जाळलं. माझ्या लग्नात चरवी दिली न् म्हणाली, हिच्यात काही घालू नगंस."

ती माणसं कुठे गेली, परत आली का, हे आत्याबाईंना कधीच कळलं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, तुपाचं लिहिते. दाराचं नको." तर त्या म्हणाल्या, "अर्धंच लिवशील तर लिवूच नगंस."

वाद नको, पण...

शुक्रवारी दुपारी मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचा कार्यक्रम होता. गुरुजींनी हुतात्म्यांची माहिती सांगितली. वसमतचं महाविद्यालय ज्यांच्या नावानं आहे, ते हुतात्मा बहिर्जी शिंदे. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके, ज्या घोड्यावर बसून रझाकारांशी लढल्या. स्वामी रामानंद तीर्थ. अंगावर काटा आला. मी मात्र पर्समधल्या चिठ्ठीला सारखा हात लावून बघत होते.

कार्यक्रमानंतर मी ती दोन मैत्रिणींना दाखवली. एक म्हणाली, "कशाला उगीच? चांगला सप्ताह झालाय, शेवटी वाद नको." दुसरी म्हणाली, "आणि लोक म्हणतील, हुतात्म्यांच्या दुसऱ्या दिवशी हे काय काढलं!" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मलाही तीच भीती होती. आणि शिवाय भिशीत आमच्या दोन मुस्लिम मैत्रिणी आहेत, त्यांना काय वाटेल?

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "बाई, हे तुमच्या सासूबाईंच्याच गावात झालं असं नाही." १९४८च्या अखेरीस पंडित नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती इकडे पाठवली होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमानांना सगळ्यांत जास्त झळ बसली, असं त्या अहवालात आहे. शेजाऱ्यांना स्वतःच्या घरात लपवून वाचवणारे हिंदू होते, हेही त्यात आहे. तो अहवाल कित्येक वर्षं प्रसिद्धच झाला नाही. "रझाकारांचा जुलूम खरा आणि हेही खरं," गुरुजी म्हणाले. "एक सांगितल्यानं दुसरं खोटं पडत नाही."

संध्याकाळी मी रिसाल्यात राहणाऱ्या आमच्या मैत्रिणीच्या घरी गेले. ती शिवणकाम करते. मशीन थांबवून तिनं चिठ्ठी वाचली. एकदा, मग पुन्हा. मला वाटलं, आता ही म्हणेल, भाभी, नको. ती म्हणाली, "आमची नानी पण सांगायची, बैलगाडीतून कुठून कुठून आले ते. आम्ही म्हणायचो, नानी, पुरे आता. ती गेली. आता विचारावंसं वाटतं, पण कुणाला विचारणार?" मग चिठ्ठी माझ्या हातात ठेवत म्हणाली, "लावा भाभी. कमी करून लावू नका."

शनिवारी सभामंडप भरून गेला. जाती, अडकित्ते, वाळवणाच्या पाट्या, खणाच्या चोळ्या, निजामाच्या काळातली हाली शिक्क्याची नाणी, एका आजीचा सातवीचा दाखला. आमच्या चरवीजवळ चिठ्ठी होती, एका पानावर, आत्याबाईंच्याच बोलीत लिहिलेली. लोक वाचायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. एक गृहस्थ मात्र थांबले आणि म्हणाले, "ताई, हे असं लिहायचं कारण काय?" मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात खुर्चीत बसलेल्या आत्याबाईच बोलल्या, "मी व्हते तिथं, म्हून." ते गृहस्थ काही बोलले नाहीत. पटलं की नाही, कोण जाणे.

चारच्या सुमारास रिसाल्यातली मैत्रीण आली. हातात नानीचं पानदान. चिठ्ठीवर दोनच ओळी: 'नानीचं पानदान. एवढंच सोबत आणता आलं होतं.' कुणी न सांगता तिनं ते चरवीच्या शेजारी ठेवलं. आत्याबाईंनी तिला जवळ बोलावून विचारलं, "तुझी नानी कुठली गं?" तिनं गावाचं नाव सांगितलं. ते गाव वेगळंच होतं, पार दुसऱ्या तालुक्यातलं. आत्याबाई "बरं" म्हणाल्या. पण तिचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

मैत्रिणींनो, त्या मुलाच्या दहा ओळी पूर्ण झाल्या. नागनाथ, नामदेव, दसरा, हळद, पलटण, रिसाला. चरवीची ओळ त्यात नव्हती आणि नसू दे, तो अजून लहान आहे. पण मला एवढं कळलं की देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती आठशे वर्षं टिकतात, माणसाच्या पोटातली गोष्ट मात्र टिकत नाही. तुमच्याही घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, माळ्यावर पालथं घातलेलं एखादं भांडं असेल. एखाद्या दुपारी जवळ बसून विचारा. आणि सांगितलं तर सगळं ऐकून घ्या, बरं वाटतं तेवढंच नव्हे.

आमची चरवी पुन्हा माळ्यावर गेली आहे. फक्त आता ती पालथी नसते. आत चिठ्ठी आहे.